दुभाष्या

सोहारच्या इस्पितळात रात्री दोन वाजता
मला बोलावलं, कारण धाकू आग्रेची सही हवी होती
आणि कागद अरबीत होता, इंग्रजीत होता.
मी स्टोअरकीपर. नट, बोल्ट, गॅस्केट, हातमोजे
यांची नावं मला चार भाषांत येतात.
आतड्याचं एकाच.

धाकूदादा कुशीवर. नाकातून नळी,
नळीतून हिरवट काहीतरी बाटलीत उतरत होतं.
पाच दिवस झाले, ना शौच, ना वारा.
कॅम्पात सगळ्यांनी आपापलं औषध केलं होतं,
शिजूनं एरंडेल, फोरमननं सोडा,
मी इसबगोल, दोन चमचे, कोमट पाण्यातून.
हे ऐकून डॉक्टर ताजुद्दीन क्षणभर डोळे मिटून उभे राहिले.
रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मग पडद्यावर बोट ठेवून ते बोलू लागले
आणि मी मराठी करत गेलो.
डावीकडे आतडं आवळलंय, आतून गाठ आहे.
खालून दुर्बीण घालून जाळीची नळी बसवता येते,
ती फुलते, वाट मोकळी होते,
पंधरा दिवसांत अंगात जीव आला की मग निवांत ऑपरेशन.
पण जाळी बसवणारा माणूस सकाळी मस्कतहून निघणार
आणि उजवीकडचं आतडं बारा सेंटिमीटर फुगलंय.
आत्ताच पोट उघडून गाठीसकट तुकडा काढावा,
तर नाडी एकशे तीस, अंगातलं मीठपाणी गेलेलं.
नाहीतर गाठ आज तिथेच ठेवायची,
तिच्या अलीकडे आतड्याचं तोंड पोटावर काढायचं,
वर पिशवी

इथे माझी मराठी संपली.

धाकूदादानं सलाइनचा हात उचलला.
सव्वीस वर्षं पाइप फिटर.
"लाइन चोक आहे. व्हॉल्व्ह खोलत बसायला वेळ नाही.
अलीकडे टॅप मारायचा, प्रेशर सोडायचं,
मग शटडाउन घेऊन काम.
एवढ्याला किती फिरवतोस?"

मग थोडं थांबून,
"आणि एक शब्द तू गिळलास.
डॉक्टर नर्सशी दोनदा बोलले. सरतान."
मी कागदाकडे पाहत राहिलो.
"सुदानी फोरमननं शिकवलंय मला. सरतान म्हणजे कुर्ली.
आपलेही कर्कच म्हणतात ना?
लहानपणी बिळात हात घालायचो.
नांगी लागली की हात ओढायचा नाही.
ओढला की ती जास्त आवळते."

एवढं बोलून तो ओकला. नुसतं पाणी.

सहीआधी त्यानं दोनच गोष्टी विचारायला लावल्या.
पिशवी घेऊन पंगतीत बसता येतं का?
येतं, डॉक्टर म्हणाले.
आणि वाट बघता बघता फुटलं तर?
डॉक्टर गप्प राहिले.
ते मला मराठीत करावं लागलं नाही.

साडेतीनला मी गुहागरला फोन लावला,
तिकडे पाच. सुगंधावहिनी उठलेल्याच होत्या.
आठवडाभर विचारत होत्या तेच विचारलं,
"पोट साफ झालं का?"
धाकूदादा फोनकडे तोंड करून म्हणाला,
"सकाळी होईल."
मग ट्रॉली नेली.

सकाळी झालं.
पारदर्शक पिशवी हळूहळू फुगली,
तशी नर्स जिन्सी माझ्याकडे बघून हसली,
कुणाच्या घरी बाळ झाल्यासारखी.
मीही हसलो. वाऱ्यासाठी हसलो मी, वाऱ्यासाठी.
गाठ आतच आहे. तुकडा तपासायचा राहिलाय.
दादाचा व्हिसा मार्चपर्यंत.

साडेसातला स्टोअरच्या खिडकीशी कुणीतरी उभं होतं.
गॅस्केट हवं होतं, सहा इंची.
तो तीनदा म्हणाला, तीन भाषांत.
मला एकही कळली नाही.